गायीचे औषध, गिधाडाचे मूत्रपिंड

पांजरपोळातील एक म्हातारा बैल सकाळी उठत नाही. मागचा गुडघा सुजलेला, पाय ताठलेला. पशुवैद्य येतात, मानेच्या स्नायूत वेदनाशामक इंजेक्शन देतात आणि दुपारपर्यंत तो उभा राहून वैरणीला तोंड लावतो. हे पाहून देखभाल करणाऱ्यांना जे समाधान मिळते, त्याचे मोल पैशांत होत नाही. पण वय झालेले असते. दुसऱ्या रात्री बैल शांतपणे जातो. गावाबाहेरच्या माळावर त्याचे शव ठेवले जाते आणि सूर्य वर येताच आभाळातून गिधाडे उतरू लागतात.

१९९० च्या दशकात असा प्रसंग देशभर असंख्य ठिकाणी घडत होता. मुक्या जनावराची वेदना कमी करणे ही दया होती. शव माळावर ठेवणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. त्या शवावर उतरणारी गिधाडे निसर्गाने नेमून दिलेले काम करीत होती. यांपैकी कोणाच्याही मनात कोणाला इजा करण्याचा हेतू नव्हता. तरीही या साखळीतून भारतीय उपखंडातील गिधाडांच्या तीन जाती पंधरा वर्षांत जवळजवळ नामशेष झाल्या.

त्या इंजेक्शनात डायक्लोफेनॅक नावाचे औषध होते. तेच औषध आज बहुतेक घरांतील औषधांच्या डब्यात, गुडघेदुखीच्या गोळीत आणि कंबरेला चोळायच्या मलमात असते. एका शरीरात उपकारक ठरणारे औषध दुसऱ्या शरीरात मृत्यूचे कारण का होते, याचे उत्तर औषधाच्या गुणधर्मात जेवढे आहे, तेवढेच शरीर त्या औषधाची विल्हेवाट कशी लावते यातही आहे.

जकात नाका

डायक्लोफेनॅक १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील सीबा-गायगी या कंपनीने बाजारात आणले. सूज, ताप आणि वेदना निर्माण करणारी काही रसायने शरीर स्वतःच बनवते. त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. डायक्लोफेनॅक ती तयार होऊ देत नाही, एवढेच त्याचे काम.

गोळी गिळली की ती प्रथम जठरात पोहोचते. डायक्लोफेनॅकच्या पुष्कळशा गोळ्यांवर असा लेप असतो की तो जठरातील आम्लात विरघळत नाही. गोळी पुढे लहान आतड्यात गेल्यावरच उघडते आणि तेथून औषध रक्तात शिरते. घरातील वृद्धांना गोळी गिळता येत नाही म्हणून ती खलबत्त्यात कुटून मधातून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. लेप असलेली गोळी कुटली की जठराचे रक्षण करणारी भिंतच पाडली जाते. दिवसभर हळूहळू औषध सोडत राहणारी जी गोळी असते, ती कुटली तर चोवीस तासांचे औषध एकदम रक्तात उतरते.

आतड्यातून रक्तात शिरलेले औषध थेट दुखऱ्या गुडघ्याकडे जात नाही. आतड्यांतले सारे रक्त आधी यकृतात जाते. जुन्या काळी शहराच्या वेशीवर जसा जकात नाका असे, तसे यकृताचे स्थान आहे. आलेला माल येथे तपासला जातो आणि बराचसा येथेच अडकतो. तोंडाने घेतलेल्या डायक्लोफेनॅकपैकी जवळपास निम्मा भाग पहिल्याच फेरीत यकृत बदलून टाकते. स्नायूत दिलेले इंजेक्शन या नाक्याला वळसा घालून सरळ रक्तात मिसळते. छातीत कळ आली असता जी गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात, तिचेही हेच कारण. जिभेखालच्या शिरांतील रक्त यकृतात न जाता हृदयाकडे जाते. मलमाचा हिशेब याच्या अगदी उलट. चोळलेल्या मलमातून गोळीच्या मानाने सहा टक्क्यांच्या आसपासच औषध रक्तापर्यंत पोहोचते. म्हणूनच पोटाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्या वृद्धांना डॉक्टर अनेकदा गोळीऐवजी मलम सुचवतात.

रक्तात शिरल्यावर या औषधाचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग रक्तातील प्रथिनांना चिकटून राहतो. उरलेला एक टक्काच मोकळा असतो आणि प्रत्यक्ष काम तोच करतो. प्रथिनांना चिकटलेला साठा म्हणजे गोदामातील माल. मोकळा माल खपत जाईल तसतसा गोदामातून तो सुटत राहतो.

औषध काम करीत असतानाच शरीर त्याला बाहेर काढण्याच्या खटपटीला लागलेले असते. शरीराच्या दृष्टीने औषध हा परका पदार्थ आहे, मग तो डॉक्टरांनी दिलेला असो वा नसो. अडचण अशी की अशी पुष्कळ औषधे तेलात विरघळणारी असतात आणि मूत्रातून जायचे तर पाण्यात विरघळायला हवे. यकृतातील विकरे औषधाच्या रेणूला कोठे प्राणवायूचा अणू जोडतात, कोठे शर्करेपासून बनलेले एक आम्ल जोडतात आणि त्याला पाण्यात जाण्याजोगे करतात. माणसात डायक्लोफेनॅकचा सुमारे दोन तृतीयांश भाग अशा बदललेल्या रूपात मूत्रावाटे आणि उरलेला पित्तातून मलावाटे बाहेर पडतो.

हे काम किती वेगाने होते ते मोजण्यासाठी अर्धायुष्य ही कल्पना वापरतात. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला जितका वेळ लागतो, ते त्याचे अर्धायुष्य. हा घटणाऱ्या शिलकीचा हिशेब आहे. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, पुढे साडेबारा, सव्वासहा आणि पाचव्या वेळी जेमतेम तीन. पाच अर्धायुष्ये उलटली की औषध व्यवहारात संपले असे मानतात. निरोगी माणसाच्या रक्तात डायक्लोफेनॅकचे अर्धायुष्य एक ते दोन तासांचे असते, म्हणजे सकाळी घेतलेली साधी गोळी संध्याकाळपर्यंत रक्तातून जवळजवळ गेलेली असते. गोळी दिवसातून दोनदा की तीनदा घ्यायची, हे या गणितावर ठरते. चौविहार करणारे अनेक जण रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घेतात. त्यात गैर काही नाही. मात्र दोन गोळ्यांमधील अंतर त्यामुळे बदलते. काही औषधांत त्याने फरक पडत नाही, तर मधुमेह, अपस्मार किंवा हृदयविकाराच्या काही औषधांत पडतो. वेळ बदलायची तर ती डॉक्टरांना विचारून, गोळीचा प्रकारच बदलून घेऊन बदलावी हे बरे. दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळ्या पुष्कळ औषधांत उपलब्ध असतात.

उपवासाचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि तो थेट मूत्रपिंडाशी निगडित आहे. शरीरात पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह आटू लागतो. अशा वेळी तेथील रक्तवाहिन्या रुंद ठेवून मूत्रपिंडाला रक्त मिळवून देण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करतात. वेदनाशामक गोळी नेमकी त्यांचीच निर्मिती थांबवते. गुडघेदुखीसाठी रोज अशी गोळी घेणाऱ्या, त्यातच रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधे चालू असलेल्या सत्तरीच्या व्यक्तीने पर्युषणात निर्जळी उपवास करताना ती गोळी पारण्यानंतर लगेच किंवा उपवासाच्या आदल्या रात्री सवयीने घेतली, तर मूत्रपिंडावर तीन बाजूंनी ताण येतो. तपश्चर्येची तयारी महिनाभर आधी सुरू होते. औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवण्याचे काम त्या तयारीत अभावानेच दिसते. अठ्ठाई करणाऱ्या आजीची शुश्रूषा करायला सारे घर तत्पर असते, पण तिच्या उशाशी असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कोणी उलटून पाहत नाही.

गायीचे साठ तास

माणसासाठी बनलेले हे औषध भारतात १९९० च्या दशकात जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागले. लंगडणारी गाय, कासेला सूज आलेली म्हैस, विताना अडलेले जनावर, अशा सर्वांना ते दिले जाऊ लागले. गुण लगेच येई आणि किंमतही परवडण्यासारखी होती. पशुपालकांनी आणि गोशाळांनी ते आनंदाने स्वीकारले, यात नवल नव्हते.

परंतु गायीचे शरीर म्हणजे मोठ्या आकाराचे मानवी शरीर नव्हे. भारतीय गायींवर झालेल्या अभ्यासात त्यांच्या रक्तातील डायक्लोफेनॅकचे अर्धायुष्य सुमारे १२ तास आढळले. पाच अर्धायुष्यांचे साठ तास, म्हणजे अडीच दिवस. या काळात गायीच्या यकृतात, मूत्रपिंडात आणि इंजेक्शन दिलेल्या जागेच्या मांसात औषध शिल्लक असते. गाय जगली तर तिला त्याचा काही त्रास नाही, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत ते मूत्रावाटे आणि मलावाटे निघून जाते. पण औषध बहुधा आजारी आणि थकलेल्या जनावरालाच दिले जाते, आणि असे जनावर त्या अडीच दिवसांत दगावण्याची शक्यता निरोगी जनावरापेक्षा कितीतरी अधिक असते. प्राण गेला की यकृताचे काम थांबते आणि मूत्रपिंडाचेही थांबते. औषधाचा बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. जेवढे शिल्लक होते तेवढे शवात तसेच राहते.

२००४-०५ च्या सुमारास भारतातील गुराढोरांच्या शवांमधून यकृताचे नमुने गोळा करून तपासले गेले. दहापैकी साधारण एका शवात डायक्लोफेनॅक सापडले. हे प्रमाण थोडेच आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. पण गिधाडे थव्याने जेवतात आणि एका शवावर अनेक पक्षी एकाच वेळी उतरतात. संशोधकांच्या गणिताप्रमाणे शंभरात एकाहून कमी शवे विषारी असती, तरी त्या काळात दिसलेला ऱ्हास घडवून आणायला ती पुरेशी होती.

भरतपूरचे रिकामे झाड

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडांची घरटी कमी होत असल्याचे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्या लक्षात आले. १९८० च्या दशकातील आपली मोजणी आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील मोजणी यांची तुलना करून त्यांनी १९९९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. माना खाली टाकून फांदीवर बसलेली आणि काही दिवसांनी खाली कोसळणारी गिधाडे त्यांनी पाहिली होती. पुढील मोजण्यांवरून दिसले की १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली होती. हजारांतले एक उरले होते. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांचीही जवळपास तीच गत झाली. २००० नंतरच्या वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे दरवर्षी ४० टक्क्यांहून अधिक वेगाने कमी होत होती. अर्धायुष्याच्या भाषेत सांगायचे तर सव्वा वर्षात निम्मी.

प्रथम संशय गेला तो एखाद्या नव्या विषाणूवर. कीटकनाशके आणि जड धातू यांचाही तपास झाला. हाती काहीच लागेना. मृत पक्ष्यांचे शवविच्छेदन केले की यकृतावर, हृदयावर आणि आतड्यांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसे. तो युरिक ॲसिडचा होता.

या थराचा अर्थ समजण्यासाठी पक्ष्यांची उत्सर्जनाची रीत पाहावी लागते. माणूस प्रथिनांच्या पचनातून उरलेला नायट्रोजन युरियाच्या रूपाने पाण्यात मिसळून बाहेर टाकतो. पक्षी तो युरिक ॲसिडच्या रूपाने, पाणी फारसे खर्च न करता टाकतात. कबुतराच्या विष्ठेतील पांढरा भाग तोच. मूत्रपिंड बंद पडले की हे युरिक ॲसिड रक्तात साचते आणि अखेर अवयवांवर स्फटिकांच्या रूपाने बसते. म्हणजे गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. प्रश्न होता की मूत्रपिंडाला मारणारे काय.

पाकिस्तानातील पंजाब प्रांतात काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स यांच्या चमूने शोधाची दिशा बदलली. गिधाडे खातात ती पाळीव जनावरांची शवे, मग त्या जनावरांना अलीकडे नव्याने दिले जाणारे, मूत्रपिंडाला अपाय करू शकणारे औषध कोणते, असा प्रश्न त्यांनी औषध विक्रेते आणि पशुवैद्य यांना विचारला. उत्तरात डायक्लोफेनॅकचे नाव आले. २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांपैकी २५ च्या शरीरात हे औषध सापडले, तर अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकाच्याही शरीरात सापडले नाही. औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातलेली गिधाडेही तशीच मेली. इतका निर्विवाद पुरावा विज्ञानाला क्वचितच मिळतो.

गिधाडाच्या जठरातील आम्ल अत्यंत तीव्र असते. माणसाला मारक ठरणारे जंतू ते पक्षी सहज पचवतात. डायक्लोफेनॅक मात्र त्या आम्लाला दाद देत नाही आणि रक्तात शिरल्यावर ते वेगाने बाहेर काढण्याची सोय या जातींच्या शरीरात नाही. औषध कित्येक तास रेंगाळते, मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरतात आणि पक्षी दोन-तीन दिवसांत जातो. याला लागणारी मात्रा किती? गिधाडाच्या वजनाच्या किलोमागे साधारण ०.१ ते ०.२ मिलीग्रॅम एवढ्या औषधाने निम्मी गिधाडे मरतात, असा अंदाज निघाला. पाच किलोच्या पक्ष्याला अर्धा ते एक मिलीग्रॅम पुरेसा. घरातील डब्यात असते ती एक गोळी ५० मिलीग्रॅमची असते.

अमेरिकेतील टर्की गिधाडाला मात्र याच्या शंभरपटींहून अधिक मात्रा देऊनही काही झाले नाही. त्याचेही नाव गिधाड, त्याचेही अन्न मृत मांस, पण वंश वेगळा आणि शरीराची रीत वेगळी. औषध कोणत्या शरीरात किती काळ मुक्काम करील, हे बाह्य साम्यावरून सांगता येत नाही, त्यासाठी तपासणीच करावी लागते.

गिधाडे गेल्याचे परिणाम माणसांनाही भोगावे लागले. शवे माळावर कुजू लागली आणि मोकाट कुत्री वाढली. अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या वर्षांत भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या डुंगरवाडीत अंत्यविधीची प्राचीन पद्धतच संकटात आली आणि सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवण्याची वेळ आली. भुलेश्वर परिसरातील मुंबईचे पांजरपोळ १८३४ मध्ये सुरू झाले, ते सर जमशेटजी जीजीभाई या पारशी दानशूराने अमीचंद शाह यांच्या साथीने उभे केलेले. दोन समाजांनी मिळून जपलेल्या करुणेची ती आठवण आहे. जनावरांना बरे करू पाहणारे एक औषध त्यांतल्या एका समाजाच्या धर्मविधीला असा अडथळा ठरेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

तीन मिलीलीटरची कुपी

२००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी ती घातली. पण औषध माणसांसाठी विकले जातच होते, आणि ते ३० मिलीलीटरच्या मोठ्या बाटलीत मिळे. एवढ्या बाटलीत साधारण ७५० मिलीग्रॅम औषध असते. माणसाला एका वेळी ७५ मिलीग्रॅम लागते. तीनशे किलोच्या गायीला किलोमागे एक मिलीग्रॅम या हिशेबाने ३०० मिलीग्रॅम. मोठी बाटली कोणासाठी विकली जात होती, हे सांगायला औषधशास्त्र नको, साधा व्यापारी हिशेब पुरे. म्हणूनच २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मिलीलीटरच्या, एका वेळच्या कुपीतच विकण्याचे बंधन घातले. गायीसाठी चार कुप्या फोडायच्या तर त्रासही वाढतो आणि खर्चही. या नियमाला न्यायालयात आव्हान दिले गेले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो कायम ठेवला.

औषधांचा घाऊक आणि किरकोळ व्यापार अनेक जैन कुटुंबांच्या हाती आहे, आणि पांजरपोळांच्या विश्वस्त मंडळांवर तीच घरे आहेत. एका हाताने विकणारे आणि दुसऱ्या हाताने दान देऊन विकत घेणारे पुष्कळदा एकच असतात. तेव्हा चार कुप्या एकदम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘माणसासाठी की जनावरासाठी’ हा प्रश्न विचारणे दुकानदाराला अवघड नाही. एवढी चौकशी कोणत्याही कायद्याहून लवकर परिणाम करते.

बंदीनंतर बाजारात जनावरांसाठी आणखी एक नाव आले, असेक्लोफेनॅक. लेबलवर डायक्लोफेनॅक हा शब्द नव्हता, म्हणून ते निर्धोक मानले गेले. पण औषध शरीरात शिरते त्याच रूपात राहत नाही. असेक्लोफेनॅक गायीच्या शरीरात गेले की तिची विकरे त्याचे रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच करतात. बाटलीवर एक नाव, रक्तात दुसरे. शरीर औषधाला बदलते ही गोष्ट लक्षात न घेता केलेली बंदी अपुरी ठरते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. २०२३ मध्ये असेक्लोफेनॅक आणि गिधाडांना तसेच घातक ठरलेले कीटोप्रोफेन या दोन्हींच्या जनावरांसाठीच्या वापरावर भारतात बंदी आली, आणि त्यानंतर नायमेसुलाइडवरही.

मग लंगड्या बैलाला काही द्यायचेच नाही काय? वेदनेत तडफडणाऱ्या जनावराला औषधाविना ठेवणे हा पर्याय कोणीही सुचवलेला नाही. दक्षिण आफ्रिकेत आणि भारतात गिधाडांवर काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक सुरक्षित ठरले. २००६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. येथे अर्धायुष्याचा हिशेब मोठा विलक्षण आहे. माणसात मेलॉक्सिकॅमचे अर्धायुष्य सुमारे २० तास असते, म्हणून ते दिवसातून एकदाच घ्यावे लागते. गिधाडात तेच अर्धायुष्य तासाभराहूनही कमी आढळले. डायक्लोफेनॅक माणसातून झटपट जाते आणि गिधाडात अडकते. मेलॉक्सिकॅम माणसात रेंगाळते आणि गिधाडातून झटपट जाते. पुढे टोल्फेनॅमिक ॲसिड हे आणखी एक औषध गिधाडांना निर्धोक असल्याचे दिसून आले. दोन्ही औषधे जनावरांसाठी मिळतात. मेलॉक्सिकॅमचा परिणाम थोडा उशिरा दिसतो अशी पशुपालकांची तक्रार असते, आणि जनावर तासाभरात उभे राहिले पाहिजे अशी मालकाची अपेक्षा असली की डॉक्टरांवरही दडपण येते. ती अपेक्षा थोडी सैल करणे हे मालकाच्या हाती आहे.

पांजरपोळात जनावरांची नोंदवही असते. कोणते जनावर कोणी आणून सोडले, केव्हा आले, केव्हा गेले, वैरणीवर किती खर्च झाला, हे तिच्यात असते. इंजेक्शनासाठी एक रकाना वाढवला तर त्यात औषधाचे मूळ नाव, कंपनीचे नाव नव्हे, मात्रा, तारीख आणि वेळ एवढे लिहावे लागेल. जनावर दगावले तर मागच्या सात दिवसांच्या नोंदी पाहून शव कोठे न्यायचे हे ठरवता येते. निषिद्ध औषध दिले गेले असेल, तर ते उघड्यावर न ठेवता खोल पुरावे लागेल. देणगी म्हणून आलेल्या औषधांच्या खोक्यांत काय आहे, हेही एकदा उघडून पाहण्यासारखे आहे. माणसांसाठीची, मुदत संपत आलेली वेदनाशामके त्यांत सहज मिसळलेली असतात.

रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात उरलेल्या गिधाडांना निर्धोक अन्न मिळावे म्हणून नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांची शवे ठरलेल्या जागी ठेवण्याचे प्रयत्न झाले. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास केली जाते. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम व्हायला पाच वर्षे लागतात. चिरगावसारख्या जागी शव आणून ठेवण्यापूर्वी जनावराच्या मालकाला एकच गोष्ट विचारावी लागते. गेल्या आठवड्यात याला कोणते इंजेक्शन दिले होते, आणि केव्हा?